आकडा खरा आहे का, ते आधी बघा: जी-५५००, आर्दुइनो आणि उत्तरेची उलटी फेरी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरला बेसा भागात दुमजली घर, हौशी रेडिओवर उपग्रह ऐकायला गच्चीवर जुना विकत घेतलेला येसूचा जी-५५०० रोटेटर, म्हणजे अँटेना फिरवणारं मोटरचं यंत्र, त्यावर दोन मीटर आणि ७० सेंटिमीटर तरंगलांबीच्या यागी, म्हणजे एका दिशेला रोखायच्या अँटेना. खाली आर्दुइनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर के३एनजी या हॅमचा रोटेटर चालवायचा प्रोग्रॅम टाकून घरीच केलेला कंट्रोलर आणि संगणकावर उपग्रहांचा माग काढणारं जीप्रेडिक्ट. तक्रारी तीन. अँटेना ठरलेल्या जागी पोचली तरी गप्प बसत नाही, डावी-उजवीकडे खुटखुट करत राहते. टेबलावरच्या पीसीवर दिशा बरोबर येते, पण लॅपटॉप जोडला की दहा-पंधरा अंश चुकते. आणि काही पासमध्ये, म्हणजे उपग्रह उगवून मावळेपर्यंतच्या वेळात, तो चांगला वर आलेला असताना अँटेना उलटी पूर्ण फेरी मारायला निघते, ती परत येईपर्यंत पास संपलेला असतो. मग खरा सवाल: हे सगळं बाजूला ठेवून तयार, महागडा कंट्रोलर घ्यावा का?

सध्या तरी नको. यातल्या पहिल्या दोन तक्रारी प्रोग्रॅमच्या नाहीतच, मोजमापाच्या आहेत. रोटेटरच्या पोटात ५०० ओमचा एक पॉट (फिरवला की रोध बदलणारा पोटेन्शिओमीटर) फिरतो, त्यावरून काही व्होल्ट खाली येतात आणि कंट्रोलर त्या व्होल्टवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. दहापट किमतीचा कंट्रोलर आणला तरी त्यालाही तेच व्होल्ट मिळणार. तिसरी तक्रार भूमितीची आहे, तिला पैसे नाही, एक सेटिंग लागतं. तुमची केबल किती लांब, पॉट किती झिजलेला, ट्रान्समीटर किती वॉटचा हे मला दिसत नाही, त्यामुळे काही आकडे तुम्हालाच मोजून घ्यावे लागतील.

लॅपटॉपची गोष्ट आधी घेतो, कारण ती सुटली की निम्मी खुटखुटही थांबते. जी-५५०० च्या कंट्रोल बॉक्समागे आठ पिनांचं डिन सॉकेट आहे. पिन ६ वर अझिमथचं (उत्तरेपासूनच्या आडव्या कोनाचं) व्होल्टेज, पिन १ वर एलिव्हेशनचं (क्षितिजापासूनच्या उंचीच्या कोनाचं), पिन ८ कॉमन. मागे आउटपुट व्होल्टेजचे दोन ट्रिमर (बारीक जुळवणीचे स्क्रू) आहेत. अझिमथ पूर्ण उजवीकडे, म्हणजे ४५० अंशांवर नेऊन पिन ६ आणि ८ मध्ये ४.५ व्होल्ट येईल असा ट्रिमर लावतात. म्हणजे हिशेब सरळ झाला: एक अंश म्हणजे १० मिलिव्होल्ट. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे सगळीकडे लागेल.

आता आर्दुइनो ऊनो हे ४.५ व्होल्ट कशाशी ताडून बघतो? स्वतःच्या ५ व्होल्ट पुरवठ्याशी. आणि हा पुरवठा यूएसबीतून आला तर तो ५ असेलच असं नाही. पीसीच्या मागच्या पोर्टवर ५.०० मिळतील, लॅपटॉपच्या पोर्टवर लांब, बारीक केबलनं ४.७५. पॉटचं व्होल्टेज तेच, पण मोजायची पट्टीच पाच टक्के आखडली. जिथे ३०० दिसायला हवेत तिथे ३१६ दिसतात. हाच तुमचा लॅपटॉपचा दोष. खात्री करायची तर दोन जागी बघा. पूर्वेला ६० अंशांवर चूक तीनच्या आसपास आणि वायव्येला ३०० वर पंधरा-सोळा निघाली, म्हणजे चूक कोनाबरोबर वाढत गेली, तर दोष संदर्भ व्होल्टेजचा. चूक सगळीकडे सारखीच असेल तर मास्टचा (अँटेनाच्या खांबाचा) क्लॅम्प सरकलाय किंवा शून्य चुकीचं लावलंय.

उपाय दोन. स्वस्तातला: ऊनोला यूएसबीवर न जगवता गोल जॅकमधून वेगळा ९ व्होल्टचा अडॅप्टर द्या, म्हणजे बोर्डावरचा रेग्युलेटर स्थिर ५ व्होल्ट देईल. डिनच्या पिन ७ वर पुरवठा आयता मिळतो म्हणून तो घेण्याचा मोह होतो, पण तिथलं व्होल्टेज १३ पासून ६ पर्यंत खाली-वर होतं. तिथून बोर्ड चालवला तर हाच दोष नव्या रूपात परत येईल. चांगला उपाय: एडीएस१११५ ही व्होल्टेज मोजणारी १६ बिटची छोटी पाटी. तिचा संदर्भ तिच्या आतच असतो, त्यामुळे कुठलाही संगणक लावा, आकडा हलत नाही. शिवाय ऊनोच्या १० बिटांत एक पायरी साधारण अर्ध्या अंशाची असते, तो खरखरीतपणाही जातो. सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत विचारून बघा, नाही तर ऑनलाइन मागवा. के३एनजीच्या प्रोग्रॅमच्या तुमच्या आवृत्तीत तिची सोय आहे का, ते मात्र आधी बघा.

पुरवठा बदलला की कॅलिब्रेशन नव्यानं करायचं. पूर्ण डावीकडे टोकाला नेऊन शून्य नोंदवायचं, पूर्ण उजवीकडे नेऊन ४५० नोंदवायचं. एलिव्हेशनला तसंच, ० आणि १८०. पुस्तकातले आकडे प्रोग्रॅममध्ये टाकू नका, तुमच्या बोर्डानं वाचलेले टाका.

आता खुटखुट. कंट्रोलर मोटर बंद करतो तेव्हा बूम (अँटेनाचा मधला दांडा) तिथेच गोठत नाही, एक-दोन अंश पुढे सरकतो. मोटर एका फेरीला मिनिटभर घेते, आपल्याकडे ५० हर्ट्झवर थोडं जास्तच. म्हणजे सेकंदाला पाच-सहा अंशांचा वेग. टॉलरन्स, म्हणजे किती अंशांची चूक चालवून घ्यायची ती मर्यादा, जर एक अंशाचा ठेवला असेल तर अँटेना पुढे सरकते, कंट्रोलर म्हणतो परत ये, परत येताना ती अलीकडे जाते, आणि हा पाळणा चालूच राहतो. त्यात आकड्यात १० मिलिव्होल्टचा गोंधळ असेल तर आणखी एक अंश. मोजून बघा: १०० अंशांवर जायला सांगा आणि थांबल्यावर आकडा बघा, दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा. सगळ्यात जास्त जेवढा पुढे गेला, त्यात बसल्याजागी आकडा जेवढा हलतो तो मिळवा. टॉलरन्स त्याहून मोठाच हवा.

यावर लोक म्हणतात, मग अचूकता गेली की! किती गेली ते बघू. तुमची ७० सेंटिमीटरची सात एलिमेंटची यागी धरली तर तिचा बीम, म्हणजे ती नीट ऐकते तो पट्टा, साधारण ४५ अंशांचा. बीमच्या मध्यापासून ५ अंश सरकल्यावर तोटा ०.१५ डेसिबल. १० अंश सरकल्यावर सुमारे ०.६. कानाला काय, सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरलाही हे नीट कळत नाही. म्हणून कंट्रोलरमध्ये टॉलरन्स तीन-चार अंश, जीप्रेडिक्टच्या रोटेटर खिडकीत थ्रेशोल्ड (एवढा फरक पडल्यावरच नवी आज्ञा) पाच अंश आणि सायकल (किती वेळानं तपासायचं) १००० मिलिसेकंद ठेवा. पासभरात मोटर शेकडो झटके खाणार ती तीस-चाळीस वेळा नीट हलेल. जी-५५०० सलग ५ मिनिटं चालवायच्या मर्यादेचा आहे हेही विसरू नका. खुटखुट करणारा रोटेटर दहा मिनिटांच्या पासमध्ये ती मर्यादा सहज खाऊन टाकतो आणि मे महिन्यात गच्चीवर तो आधीच तापलेला असतो.

टॉलरन्स वाढवूनही आकडा नाचत असेल तर तो कधी नाचतो यावर लक्ष ठेवा. मोटर थांबते त्याच क्षणी आकडा दोन-तीन अंशांनी उडी मारतो का? तर ते फिरणं नव्हे. मोटरचा प्रवाह आणि पॉटचा परतीचा मार्ग कुठेतरी एकाच तारेतून जातोय. आर्दुइनोचा ग्राउंड थेट पिन ८ ला द्या, मधल्या कुठल्या टर्मिनलला नको. फक्त ट्रान्समिट केल्यावर उडतो का? मग आरएफ (ट्रान्समीटरची रेडिओ ऊर्जा) शिरतंय. आर्दुइनोच्या इनपुटपाशी पिन आणि ग्राउंडमध्ये ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, केबलच्या दोन्ही टोकांना फेराइट क्लिप, आणि जमल्यास शील्ड असलेली केबल. ठरावीक एकाच दिशेला नाचतो का? तर पॉटची पट्टी तिथे झिजली आहे. हे शोधायला काट्याचा जुना मीटर लागतो. रोटेटर सावकाश फिरवत काट्याकडे बघा, खराब जागी काटा उचकी दिल्यासारखा हलतो. डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच वाचतो, त्याला ही उचकी सापडत नाही.

जोडणीतली आणखी एक खोड: जीप्रेडिक्ट जोडलं की आर्दुइनो रीसेट होतो, दोन सेकंद बहिरा राहतो आणि पहिली आज्ञा हवेत जाते. रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की हे थांबतं. नवा प्रोग्रॅम चढवताना तो काढायला विसरू नका, नाही तर बोर्ड मेला असं वाटून तासभर जाईल. हॅमलिबमध्ये, म्हणजे संगणक आणि रोटेटर यांची गाठ घालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मॉडेल क्रमांकही तपासा. येसूच्या आज्ञापद्धतींपैकी जीएस-२३२ए साठी ६०१, जीएस-२३२बी साठी ६०३. दोन्हींची उत्तर देण्याची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे मॉडेल चुकलं तर आज्ञा जाते पण स्थिती परत येत नाही. प्रोग्रॅममध्ये जे निवडलं तेच इथे हवं, बॉड रेटही (डेटाचा वेग) तोच. जीप्रेडिक्ट हॅमलिबच्या रोटेटर सर्व्हरशी पोर्ट ४५३३ वर बोलतं. ४५३२ रेडिओसाठी असतो, घाईत तोच टाकला जातो.

आता तिसरी तक्रार, जिच्यामुळे पास हातचे गेले. जी-५५०० ० पासून ४५० अंशांपर्यंत फिरतो, म्हणजे उत्तरेपासून पूर्ण फेरी आणि वर पूर्वेपर्यंत आणखी ९० अंश. उपग्रह पश्चिमेकडून वर जाऊन उत्तर ओलांडत असेल, समजा १९० वरून २७०, ३५० आणि मग १०, तर अडचण नाही. १० च्या जागी ३७० वर जाता येतं. आता उलटा पास घ्या: ३५० ला उगवला, उत्तर ओलांडून पूर्वेकडून वर चढला आणि १७० ला मावळला. अँटेना ३५० वरून ३६०, ३७० करत ४५० ला पोचते आणि तिथे टोक लागतं. ४५० म्हणजे पूर्व. आणि पूर्वेकडच्या पासमध्ये उपग्रह सगळ्यात उंच असतो तो नेमका पूर्वेलाच. म्हणजे सगळ्यात चांगल्या क्षणी रोटेटरला टोक लागतं आणि तो मिनिटभराच्या उलट्या फेरीवर निघतो. तुमच्या वर्णनातला पास हाच.

उपाय रोटेटरमध्ये आयता आहे. त्याचं एलिव्हेशन १८० अंशांचं आहे, म्हणजे अँटेना डोक्यावरून मागे पडू शकते. ३५० च्या क्षितिजाकडे बघायचं तर अझिमथ १७० आणि एलिव्हेशन १८० ठेवलं तरी तोंड तिकडेच. मग उपग्रह ३५०, १०, ९०, १७० असा गेला तरी अझिमथ १७०, १९०, २७०, ३५० असं सलग फिरतं, टोक येतच नाही. जीप्रेडिक्टमध्ये रोटेटरचं कमाल एलिव्हेशन ९० लिहिलं असेल तर ते १८० करा. एवढं केलं की असा पास येताना ते स्वतःच ही पलटी लावतं. कंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्येही १८० हवं.

पण हे बदलण्याआधी गच्चीवर जा. पलटी खाताना बूमचं मागचं टोक, मास्टचा वर आलेला भाग आणि कोॲक्स (अँटेनाची केबल) यांची टक्कर होत नाही ना ते हातानं, बटणानं, सावकाश फिरवून बघा. अझिमथ पूर्ण डावीकडे ठेवून एलिव्हेशन ० ते १८०, मग अझिमथ पूर्ण उजवीकडे ठेवून परत. दोन्ही टोकांना केबलचा झोल पुरायला हवा आणि तो कुठल्याही यू-बोल्टला अडकायला नको. इथे घाई केली की पहिल्याच पासला एन कनेक्टर उपटून हातात येतो.

एचएफ बीम, म्हणजे दूरदेशी बोलायची मोठी दिशादर्शी अँटेना, वापरणाऱ्यांनी हा पलटीचा उपाय स्वतःला लावून घेऊ नये, त्यांना तो उपलब्धच नाही. पण नागपूरकरांसाठी त्यांच्या बाबतीत एक गोष्ट महत्त्वाची आहे. इथून न्यू यॉर्क साधारण ३३८ अंशांवर आणि लॉस एंजलिस १७ अंशांवर. म्हणजे अमेरिकेचे दोन किनारे उत्तरेच्या दोन बाजूंना. ३६० अंशांच्या रोटेटरचं टोक उत्तरेला ठेवलं तर ३९ अंशांच्या अंतरासाठी ३२१ अंशांची फेरी. लंडन ३१८, टोकियो ६०, सिडनी १२८: कामाचं बरंचसं उत्तरेच्या अर्ध्यात आहे. दक्षिणेला दक्षिण भारत आणि श्रीलंका सोडली तर समुद्र. म्हणून टोक दक्षिणेला ठेवायचं आणि कंट्रोलरमध्ये आरंभबिंदू १८० लिहायचा.

उत्तर कशी ठरवायची हेही बहुतेकांचं चुकतं. नागपूरला चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, तेव्हा तो दोष नव्हे. दोष असतो स्लॅबमधल्या सळयांचा आणि मास्टच्या पाइपचा, त्यांच्याजवळ होकायंत्र दहा अंशही सहज बहकतं. त्यापेक्षा सूर्य बरा. भर दुपारची सावली मात्र इथे बेभरवशाची. एक तर आपलं रेखांश ७९.१, भारतीय वेळ ८२.५ ची, त्यामुळे मध्यान्ह बाराला नसतोच, सरासरी तेरा-चौदा मिनिटं उशिरा होतो आणि वर्षभरात मागे-पुढेही सरकतो. शिवाय मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरला शून्य सावलीचा दिवस येतो, त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य दुपारी डोक्याच्या उत्तरेला असतो. सावली दक्षिणेला पडते आणि माणूस अँटेना बरोबर १८० अंश उलटी लावतो.

सकाळी साडेसात-आठला हे काम करा. स्टेलॅरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नागपूर टाकून त्या मिनिटाचा सूर्याचा अझिमथ घ्या. एलिव्हेशन ० ठेवा आणि बूमची सावली मास्टच्या सावलीला अगदी समांतर होईपर्यंत अझिमथ फिरवा. त्या क्षणी बूमचं तोंड सूर्याकडेच असतं. कंट्रोलरचा आकडा आणि स्टेलॅरियमचा आकडा यांतला फरक क्लॅम्प ढिला करून काढा, प्रोग्रॅममध्ये मिळवून नको. प्रोग्रॅममध्ये दडवलेला फरक सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. संगणकाचं घड्याळ इंटरनेटशी जुळवलेलं असू द्या आणि कक्षेचे आकडे, म्हणजे टीएलई, दर आठवड्याला ताजे करा.

केबलबद्दल. रोटेटरची मोटर २४ व्होल्ट एसीवर चालते. ती दोन अँपिअर घेते असं धरलं आणि गच्चीपर्यंत २५ मीटर केबल असेल, तर ०.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत जाऊन-येऊन साडेतीन व्होल्ट जातात. ताकद व्होल्टच्या वर्गानं घटते, म्हणून उरते ७३ टक्के. १.५ चौरसच्या तारेत नव्वद टक्के राहते. मोटरच्या तारा जाड घ्या, पॉटच्या बारीक चालतील. नागपूरच्या उन्हात साधं पीव्हीसी दोन-तीन उन्हाळ्यांत तडकतं, तेव्हा गच्चीवरचा भाग पाइपातून न्या. उन्हाळ्यातच आणखी एक प्रकार होतो: संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर चालू, लाइनचं व्होल्टेज पडलेलं, रोटेटर मंद. कंट्रोलरमध्ये मोटर अडकल्याची चौकशी असते, म्हणजे मोटर चालू असून आकडा हलला नाही तर बंद कर. तिची मुदत दोन सेकंदांची ठेवली असेल तर अशा वेळी ती उगाच बंद पाडते. पाच सेकंद ठेवा, पण ही सोय बंद करू नका. दिशा बदलताना मध्ये एक-दोन सेकंदांची थांबही हवी, नाही तर गिअरचे दात जातात.

मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, हातानं ढकलली की फिरते, असं झालं तर आधी मोटरचा कपॅसिटर बघा. कूलर-पंख्याच्या दुकानातला अडीच-चार मायक्रोफॅरडचा इथे चालत नाही. जुन्यावर छापलेला आकडा बघून तेवढ्याच क्षमतेचा, ध्रुवता नसलेला घ्या. आणि सेट अमेरिकेतून आलेला ११७ व्होल्टचा नाही ना, हे मागच्या पट्टीवर एकदा वाचून घ्या.

संक्रांतीनंतर गच्चीवर एक फेरी माराच. ‘ओ काट’च्या महिनाभरात रोटेटरच्या मानेभोवती नायलॉन मांजाचे वेढे बसलेले असतात. ते दिसत नाहीत, फिरवता फिरवता घट्ट होतात आणि कंट्रोलर बिचारा मोटर अडकली म्हणून सांगत राहतो. ब्लेडनं कापून काढा, ओढू नका. मे-जूनच्या वावटळीसाठी कंट्रोलरमध्ये दहा मिनिटं आज्ञा न आल्यास आपोआप पार्क होण्याची सोय चालू करा आणि पार्क एलिव्हेशन ९० ठेवा. बूम उभा राहिला की वारा अझिमथच्या गिअरला पिळत नाही. विजा चमकायला लागल्या की कोॲक्ससोबत रोटेटरची केबलही काढायची, ती बहुतेक जण लावलेलीच ठेवतात.

तयार कंट्रोलर कधी घ्यावा? मोठा एचएफ बीम असेल, झटक्याशिवाय सुरू होणं आणि थांबण्याआधी वेग कमी होणं हवं असेल, किंवा वेगवेगळ्या रोटेटरना एकच डबा हवा असेल तेव्हा. तुमच्या हलक्या यागींना त्यातलं काही लागत नाही. आणि क्यूओ-१०० हा हॅम उपग्रहच ऐकायचा असेल तर रोटेटरच नको, तो भूस्थिर आहे. नागपूरहून अझिमथ २५५, एलिव्हेशन २६ वर डिश एकदा घट्ट केली की झालं.

आधी वेगळा अडॅप्टर, मग कॅलिब्रेशन, मग टॉलरन्स, मग पलटी, या क्रमानं जा. एका वेळी एकच बदल. एवढं करूनही आकडा उडत असेल तर चार गोष्टी मोजून इथे लिहा: ० आणि ४५० अंशांवर पिन ६ चं व्होल्टेज, त्याच वेळी आर्दुइनोच्या ५ व्होल्ट पिनवर काय आहे, मोटर चालू-बंद करताना आकडा किती हलतो, आणि केबलची लांबी-जाडी. त्यावरून पुढचं सांगता येईल.